800 किलोवाला स्किड स्टीअर की 1400 किलोवाला आर्टिक्युलेटेड?

झाडकामासाठी छोटा लोडर, म्हणजे पुढच्या बाजूने ओंडके-माल उचलणारी गाडी, घ्यायचा विषय निघाला की हे ठरलेलं असतं. कोणीतरी दोन ब्रोशर शेजारी ठेवतो आणि म्हणतो, स्किड स्टीअर 800 किलो उचलतोय, आर्टिक्युलेटेड 1400, वर लॉनही खराब करत नाही, मग अडलंय कुठे? अडलंय इथेच की ते दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, आणि हे सांगून सांगून आता कंटाळा आलाय.

स्किड स्टीअर बहुतेकांनी चालवलेला किंवा निदान जवळून बघितलेला असतो, त्यामुळे पटकन. चेसिस एकसंध, चाकं वळत नाहीत, एका बाजूची चाकं जास्त फिरवून गाडी घासत वळवायची. याचा पूर्वज 1957 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी टर्कीची शेडं साफ करायला बनवला, म्हणजे अडचणीच्या जागेत गर्रकन वळणं हाच त्याचा जन्माचा गुण. ओल्या हिरवळीवर तोच गुण नांगरट करून ठेवतो. आर्टिक्युलेटेड लोडर मधल्या जॉइंटवर कमरेत वाकतो, मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून येतात आणि लॉन बऱ्यापैकी वाचतं. एवढं सगळ्यांना कळतं, यावर तासभर वाद घालू नका.

आता खरी गोची. टिपिंग लोड म्हणजे ज्या वजनाला गाडी उलटायला लागते ते वजन. ते उचलायचं वजन नाही, ती कड्याची कड आहे. चाकांच्या स्किड स्टीअरची रेटेड क्षमता, म्हणजे बिनधोक उचलायचं वजन, साधारणपणे टिपिंग लोडच्या 50 टक्के धरतात, ट्रॅकवाल्याची (चाकांऐवजी पट्टे असलेल्याची) 35 टक्के (काही कंपन्या ट्रॅकवाल्याचा 50 टक्क्यांचा आकडाही शेजारी छापतात, तो बघून हुरळू नका). म्हणजे 800 किलो लिहिलेला चाकांचा स्किड स्टीअर 1600 ला उलटायला लागतो. छोट्या आर्टिक्युलेटेडच्या ब्रोशरवर मात्र मोठ्या अक्षरात बऱ्याचदा टिपिंग लोडच असतो, आणि तोही गाडी सरळ उभी असतानाचा.

सरळ उभी असतानाचा, हे शब्द दोनदा वाचा. स्किड स्टीअर कितीही वळला तरी भार चेसिसच्या नाकासमोरच राहतो आणि इंजिनचं वजन बरोब्बर त्याच्या मागे. आर्टिक्युलेटेड वाकला की पुढचा अर्धा भाग ओंडका घेऊन एकीकडे जातो आणि इंजिन, काउंटरवेट (तोलासाठी मागे लावलेलं वजन) वगैरे असलेला मागचा अर्धा भाराच्या सरळ मागे उरतच नाही, त्यामुळे तोल सांभाळायची त्याची ताकद कमी होते. म्हणून बघायचा आकडा पूर्ण वळलेल्या अवस्थेतल्या टिपिंग लोडचा, आणि बकेटसाठी त्याच्याही 50 टक्के. बकेटऐवजी फोर्क (काटे) लावले तर पक्क्या सपाट जमिनीवर 80, खडबडीत जमिनीवर 60 टक्के धरतात, पण झाडकामात पक्की सपाट जमीन असते कुठे. समजा सरळ टिपिंग 1400 आहे आणि पूर्ण वळणावर 1150, तर हातात राहिले 575. मगाशी 800 ला हरवणारा गडी हा.

त्या 575 मधूनही ग्रॅपल, म्हणजे ओंडका धरायचा पंजा, बकेटपेक्षा जितका जड असेल तितकं वजा करा, आणि टेलिस्कोपिक बूम (लांब होणारा उचलायचा हात) बाहेर काढला असेल तर अजून बरंच. आता ओला ओंडका घ्या, 60 सेंटीमीटर जाड आणि 2 मीटर लांब. घनमीटरला 950 किलो धरले तरी हा सुमारे 540 किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, तरी लोक "थोडासाच जाड आहे" म्हणत ग्रॅपल लावतातच.

उलटण्याची तऱ्हाही वेगळी. स्किड स्टीअर जास्त भाराने पुढे झुकतो, मागची चाकं हलकी झाल्याचं बुडाला कळतं, भार खाली सोडला की गाडी परत बसते. आर्टिक्युलेटेड वाकलेला असताना आडवा जातो आणि सूचना फार कमी देतो, त्यात बूम वर असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून भार जमिनीपासून वीतभर वर ठेवूनच चालायचं, बूम आत, आणि वर उचलायचंच असेल तर आधी गाडी सरळ करून. वळता वळता उचलणं हा प्रकार बंद. बेल्ट लावायचा आणि गाडी कलली तरी उडी मारायची नाही, उडी मारणाराच खाली सापडतो.

उतारावर दोघांनाही एकच नियम: जड बाजू चढाकडे. रिकाम्या स्किड स्टीअरची जड बाजू मागची, भरलेल्याची पुढची. म्हणून ओंडका घेऊन उतरताना रिव्हर्समध्ये उतरायचं आणि रिकामं चढताना रिव्हर्समध्येच चढायचं. आडव्या उतारावर तर चालायचंच नाही.

बाकी दोघांच्या खोडी थोडक्यात. बहुतेक स्किड स्टीअरमध्ये समोरून आर्म्समधून, म्हणजे उचलणाऱ्या दोन हातांमधून, चढावं लागतं, म्हणून आर्म्स वर असताना सपोर्ट लावल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि कडेचं दिसत नाही म्हणून फांद्या ओढणाऱ्या पोरांना बाजूला उभं करायचं नाही. आर्टिक्युलेटेडच्या कमरेत, म्हणजे जॉइंटजवळ, कोणीही थांबायचं नाही, दुरुस्तीला आणि वाहतुकीला लॉक बार (जॉइंट वाकू न देणारी दांडी) लावायचा. आणि कापणारा कापत असताना फांदी ग्रॅपलमध्ये धरून ठेवायला लोडर वापरणारे दिसले की माझं डोकं फिरतं. ती फांदी सुटताना जो झटका देते त्याचा हिशोब वरच्या कुठल्याच आकड्यात नाही.

माझं मत विचाराल तर राहत्या घरांच्या बागा, अरुंद फाटक, हिरवळ असं काम असेल तर आर्टिक्युलेटेडच घ्या, पण गरजेपेक्षा एक साइज मोठा आणि मागच्या वजनांसकट. मोकळी जागा साफ करायची, मल्चर (झुडपं भरडायचं अवजार) लावायचा, चिखल तुडवायचा तर ट्रॅकवाला स्किड स्टीअर, पुढे पॉलिकार्बोनेटचा दरवाजा बसवलेला. डेमोला गेलात तर विक्रेत्याला सरळ रेषेत ओंडका उचलून दाखवू देऊ नका. ओंडका जमिनीलगत ठेवून सपाट जागेवर हळूहळू पूर्ण वळवायला सांगा, आणि तेव्हा बाहेरच्या बाजूच्या मागच्या चाकाकडे बघत रहा.