खटले व्हर्जिनियाचे, कायदा सगळ्या अमेरिकेचा

अमेरिकेत विवाह, शाळा, मतदारयाद्या हे विषय मुळात राज्यांच्या हातातले. राज्याला बदलायचं नसेल तर एखादा अन्यायकारक कायदा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण तोच सर्वोच्च न्यायालयात घटनाबाह्य ठरला, की निकाल सगळ्या राज्यांना लागू होतो. दक्षिणेकडच्या व्हर्जिनिया राज्याने हा अनुभव जितक्या वेळा घेतला, तितका क्वचितच कुणी घेतला असेल.

१९४४ साली आयरीन मॉर्गन या कृष्णवर्णीय महिलेने ग्रेहाउंड कंपनीच्या बसमधली जागा गोऱ्या प्रवाशांसाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली, दंड झाला. राज्याच्या न्यायालयांनी तो कायम ठेवला, म्हणूनच प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९४६ मध्ये आंतरराज्य बसमधली सक्तीची वेगळी आसनं बेकायदा ठरली. दक्षिणेत हा निकाल बराच काळ कागदावरच राहिला. १९६० मध्ये रिचमंडच्या बसस्थानकातल्या उपाहारगृहातल्या वर्णभेदाच्या खटल्यात व्हर्जिनिया पुन्हा हरलं, आणि या निकालांची अंमलबजावणी होते का हे पाहायला १९६१ मध्ये ‘फ्रीडम रायडर्स’ म्हणवले गेलेले गोरे आणि कृष्णवर्णीय कार्यकर्ते एकत्र बसमध्ये चढले.

शाळांच्या बाबतीत राज्याने हट्टाची कमाल केली. १९५१ मध्ये फार्मव्हिल इथल्या कृष्णवर्णीयांच्या मोडकळीला आलेल्या शाळेत सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाचा भाग झाला. त्यावर सिनेटर हॅरी बर्ड यांनी ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’, म्हणजे सर्व शक्तीनिशी विरोध, पुकारला. फार्मव्हिल ज्यात येतं त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांची मात्र ही वर्षं बहुतांशी वाया गेली. पुढच्या विजयांच्या गोष्टी सांगताना ही किंमत विसरली जाते.

याच काळात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने खटले चालवूच नयेत, म्हणून राज्याने कायदे केले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्कांसाठी कोर्टात जाणं हाही अभिव्यक्ती आणि संघटनेच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. एका संघटनेचं तोंड बांधायला निघालेल्या राज्याने देशभरातल्या हक्कवादी संघटनांना संरक्षण मिळवून दिलं!

पराभवांच्या या यादीत एक विजयही आहे, आणि तो भयंकर आहे. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने दोन कायदे केले. ‘मतिमंद’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्यानंतर इतर राज्यांनाही बळ आलं आणि देशभरात ६० हजारांहून अधिक लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या.

दुसरा कायदा आंतरवंशीय विवाहाविरुद्धचा. गोरे रिचर्ड आणि कृष्णवर्णीय मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये, अशी बंदी नसलेल्या वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. गावी परतल्यावर शेरीफ मध्यरात्री थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. एक वर्षाची कैद, पण २५ वर्षं दोघं मिळून राज्यात पाऊल ठेवणार नसाल तर माफ, असा न्याय मिळाला. मिल्ड्रेड यांनी देशाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (केंद्र सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं. तिथून प्रकरण ‘एसीएलयू’ या नागरी हक्क संघटनेच्या वकिलांकडे आलं. खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी तर देवानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवलेत, असं लिहून ठेवलं होतं. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. तेव्हा अशी बंदी १६ राज्यांत होती. सगळीकडची एका फटक्यात गेली.

१९९६ मध्ये फक्त मुलांसाठी असलेल्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे दरवाजे न्यायालयाने मुलींना उघडून दिले. २०१४ मध्ये समलिंगी विवाहावरची बंदी कोर्टात आली, तेव्हा राज्याचे नवे ॲटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी तिचा बचाव करायलाच नकार दिला. शाळा, आंतरवंशीय विवाह आणि मिलिटरी इन्स्टिट्यूट या तिन्ही खटल्यांत राज्य चुकीच्या बाजूला उभं होतं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. बंदी त्याच वर्षी गेली. पुढच्या वर्षी देशभर समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालात न्यायालयाने आधार म्हणून पुन्हापुन्हा ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’चाच दाखला दिला.