आयत्या वेळचे विषय

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा कधीच वेळेवर सुरू झालेली नाही. गणपूर्ती होत नाही, म्हणून सभा तहकूब होते आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. त्या वेळी गणपूर्तीची अट नसते. दरम्यान सगळे चहा पितात. मग कार्यवाह मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, कोणी सूचक होतं, कोणी अनुमोदक, ताळेबंद मंजूर होतो. शेवटचा विषय ठरलेला: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.

मी अठराची होते तेव्हा या आयत्या वेळी उभी राहिले आणि विचारलं की नवी मासिकं टेबलावर यायच्या आधी आठ-आठ दिवस कोणाच्या घरी असतात? आवाज थरथरत होता, कान तापले होते. दोन-तीन जण हसले. अध्यक्षांनी 'नोंद घेतली' असं म्हटलं आणि सभा संपली. पुढच्या वर्षी इतिवृत्तात ते वाक्य आलं: 'एका सभासदाने मासिकांच्या उपलब्धतेबाबत विचारणा केली.' माझं बोलणं कुठल्याशा कागदावर उमटलं होतं. मासिकंही टेबलावर येऊ लागली, पण मला त्या ओळीचा आनंद जास्त झाला.

नागरिकशास्त्र त्याआधी शाळेत शिकले होतेच. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला तो विषय. ग्रामसभेची रचना पाठ होती, ग्रामसभा पाहिलेली नव्हती. लोकांना माहिती दिली की ते सहभागी होतात, हे गृहीतक आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी जाहिरातींत इतकं मुरलंय की ते तपासून पाहावं असं कोणाला वाटत नाही. काही संशोधकांनी मात्र ते तपासलं.

२००५च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावं निवडली गेली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे पुढे, २०१९ मध्ये, नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ त्या गटात होते. गावात काम करणारी संस्था होती 'प्रथम', जिची सुरुवात १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये झाली. त्या गावांत कायद्याने ग्राम शिक्षण समित्या होत्या: गावचा प्रधान, मुख्याध्यापक आणि तीन पालक. शाळेवर देखरेख ठेवायची, गरज पडल्यास जादा शिक्षक मागायचा, असे अधिकार त्यांना होते. प्रत्यक्षात अशी समिती आहे, हे दहातल्या नऊहून अधिक पालकांना ठाऊक नव्हतं. आणि समितीच्या सदस्यांपैकी सुमारे पाव जणांना आपण सदस्य आहोत याचाच पत्ता नव्हता!

म्हणजे दुखणं अगदी पुस्तकी: माहितीचा अभाव. औषधही पुस्तकी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावांची विभागणी केली, म्हणजे हुशार गावं एका बाजूला आणि ढिली दुसऱ्या बाजूला असं व्हायला नको. ६५ गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार सांगितले. दुसऱ्या ६५ गावांत त्याशिवाय गावकऱ्यांनाच मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवलं आणि गावाचं प्रगतिपुस्तक तयार करवलं. आणखी ६५ गावांत हे सगळं करून वर, गावातल्या तरुणांना शाळेबाहेर मुलांना वाचायला शिकवण्याचं छोटं प्रशिक्षण दिलं. उरलेली गावं तुलनेसाठी तशीच ठेवली.

पहिल्या दोन प्रकारच्या गावांत काय झालं? काही नाही. सभांना लोक आले, तावातावाने बोलले, आपली पोरं अक्षरही ओळखत नाहीत हे पाहून हळहळले. पण समित्या होत्या तिथेच राहिल्या, शाळाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत समित्या तशाच झोपलेल्या होत्या, मात्र तरुण पुढे आले, वर्ग भरवले, आणि त्या वर्गांना गेलेली मुलं खरोखर वाचू लागली.

हा निकाल वाचून 'लोकांना काही पडलेलीच नाही' असं म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. पडलेली नसती तर स्वयंसेवक कुठून आले असते? उद्या संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर चार पोरं गोळा करायची, हे काम डोळ्यांसमोर दिसतं. समितीने ठराव करायचा, तो वर पाठवायचा, वरून उत्तर यायचं, ही वाट कोणी चाललेली नव्हती. ठराव कसा मांडतात, मुख्याध्यापकाला तोंडावर प्रश्न कसा विचारतात, विचारल्यावर संबंध कसे टिकवतात, हे एका सभेत सांगून येत नाही. पोहण्याचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारायला सांगण्यासारखंच ते.

शाळांबाबतही अशीच खूण सापडते. १९९९ मध्ये २८ देशांतल्या सुमारे ९०,००० चौदा वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली. वर्गात मतभेदाच्या विषयावर मोकळेपणाने बोलता येतं का, शाळेचे काही निर्णय मुलांच्या विचाराने होतात का, हे त्यात विचारलं होतं. जिथे उत्तर 'हो' होतं तिथल्या मुलांना नागरिकशास्त्र जास्त कळत होतं आणि मोठेपणी मतदान करण्याचा त्यांचा इरादाही जास्त पक्का होता. मतदानाचीही सवय लागते म्हणे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९९८ साली चिठ्ठ्या टाकूनच निवडलेल्या मतदारांना मतदानाची आठवण करून दिली होती. त्यातून जे त्या वर्षी मतदानाला गेले, ते पुढच्या वर्षी कोणी आठवण न करताही जायची शक्यता वाढली. एकदा रांगेत उभं राहिलेला माणूस पुन्हा उभा राहतो.

मग प्रश्न उरतो की शाळा सुटल्यावर हा सराव होतो कुठे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे छोटं गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. हिची सुरुवात कुठल्या प्रशिक्षण शिबिरातून झालेली नाही. १९८०च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम-इंचमपल्ली धरणांविरुद्ध या पट्ट्यात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. धरणं मागे पडली, आणि चळवळीने जागी झालेली माणसं आपापल्या गावात आपण कोण आहोत असा विचार करू लागली. मेंढ्याने ठरवलं की पडून गेलेलं गोटूल पुन्हा बांधायचं.

गोटूल म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींनी संध्याकाळी जमायची जागा. गाणी, नाच, गोष्टी, कामाची वाटणी, वडीलधाऱ्यांच्या नजरेपासून जरा लांब. बाहेरच्यांनी त्याबद्दल भलभलत्या सुरस कथा लिहून ठेवल्यात, त्या बाजूला ठेवू. गोटुलासाठी जंगलातून सागाचं लाकूड आणलं. वनखात्याने हरकत घेतली, उभं केलेलं गोटूल काढून लाकूड नेलं. यावर गावाने अर्ज-विनंत्यांचा रस्ता न धरता आसपासच्या गावांना बोलावलं, विषय सर्वांपुढे मांडला, आणि गोटूल पुन्हा उभं राहिलं. दुसऱ्या गावांनीही आपापली उभारली. नाचगाण्याच्या एका मांडवावरून गावाला कळलं की आपल्यालाही निर्णय घेता येतो आणि तो टिकवता येतो.

पुढे तिथे जी पद्धत रुजली, तिच्यात देवाजी तोफा हे गावचे कार्यकर्ते आणि 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा मोठा वाटा होता. गावाने दोन बैठका वेगळ्या केल्या. एक ग्रामसभा, जिथे निर्णय होतो, आणि तो बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. दुसरा अभ्यास गट. त्यात कोणीही बसावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, हवं ते विचारावं. पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. हा दुसरा नियम फार शहाणा आहे. निर्णय होणार असला की माणूस बाजू घेतो, आपलं म्हणणं सोडत नाही, भावकी आठवते. निर्णय होणारच नसला की 'मला हे कळलं नाही' असं म्हणायला लाज वाटत नाही.

अभ्यास करावा असे विषयही तसेच होते. बांबूचंच घ्या. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे: भात, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातलं. १९२७चा भारतीय वन कायदा मात्र त्याला झाडांत मोजत आला, म्हणजे त्याच्यावर वनखात्याचा ताबा. २००६च्या वन हक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात घातलं, म्हणजे तो गोळा करून विकायचा हक्क जंगलावर जगणाऱ्यांचा. एकच काठी, शास्त्रात गवत, एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात गौण उपज. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक म्हणून. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना खातं देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वर्षानुवर्षं कलमं चिवडत बसलेल्या अभ्यास गटाशिवाय ही लढाई कोणी कशी लढवली असती, मला तरी कल्पना करता येत नाही. (बांबू १९२७च्या कायद्यातल्या झाडांच्या यादीतून गेला तो २०१७ मध्ये, आणि तोही जंगलाबाहेरच्या बांबूला मोकळं करण्यासाठी.)

सर्वसहमती वेळखाऊ असते, आणि तिच्यात दबून गप्प बसणाऱ्याला सहमत धरलं जाण्याचा धोका असतोच. मेंढ्याएवढं लहान गाव असल्यामुळेही ते जमलं असेल. पण नियमितपणे एकत्र बसायची एक जागा आधी असणं, हे मला निर्णायक वाटतं.

हीच गोष्ट रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञाला इटलीत दिसली होती. १९७० मध्ये इटलीत प्रादेशिक सरकारं नव्याने स्थापन झाली. रचना एकसारखी, तरी काही प्रदेशांत कारभार चोख आणि काही ठिकाणी नुसती अनागोंदी. वीस वर्षं मागोवा घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की जिथे गानमंडळं, फुटबॉल क्लब, सहकारी संस्था दाट आहेत तिथे कारभार बरा. ही कल्पना जगभर गाजली. आपल्याकडे १८७५ पासून चालत आलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला, गावोगावची वाचनालयं, भजनी मंडळं यांच्याकडे बघून आपणही खूश व्हायला हरकत नाही असं वाटू लागतं.

इथे जरा थांबावं लागतं. तीन संशोधकांनी दोन महायुद्धांमधल्या जर्मनीतल्या २२९ शहरांतल्या मंडळांच्या नोंदी धुंडाळल्या. गायनमंडळं, व्यायामशाळा, पशुपालकांचे क्लब, सगळं. २०१७ मध्ये छापून आलेला निष्कर्ष अंगावर येतो: जिथे मंडळं दाट, तिथे नाझी पक्षाचे सभासद जास्त वेगाने वाढले. एकाच तालमीतला मित्र दुसऱ्याला घेऊन गेला. ज्या प्रांतांत सरकार स्थिर होतं, तिथे हा परिणाम सौम्य होता.

म्हणजे मंडळ असणं पुरेसं नाही. आपल्याला हे जर्मनीहून शिकायची गरज नव्हती. ज्या मंडळाच्या मांडवात वर्गणीचा हिशोब विचारायची सोय नाही, ते मंडळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. एकत्र यायचा सराव आणि एकत्र राहून वेगळं बोलायचा सराव, हे दोन निराळे सराव आहेत, असा माझा यातून अंदाज. माझ्या वाचनालयात 'आयत्या वेळचे विषय' ही एक ओळ छापलेली होती म्हणून मला उभं राहता आलं. ती नसती तर मी चहा पिऊन घरी आले असते.

आणि उभं राहता आलं तरी ऐकलं जाईलच असं नाही. तमिळनाडूतल्या ग्रामसभांची शब्दशः टिपणं काढून संशोधकांनी संगणकाच्या मदतीने तपासली. बायका कमी बोलल्या, त्यांनी काढलेल्या विषयावर चर्चा कमी टिकली, अधिकाऱ्यांकडून नेमकं उत्तर मिळण्याचं प्रमाणही त्यांच्या बाबतीत कमी होतं. पंचायतीची अध्यक्ष आरक्षणातून आलेली बाई असली की बायका बोलण्याचं प्रमाण फारसं वाढलं नाही, पण त्यांच्या बोलण्याची दखल जास्त घेतली जाऊ लागली.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते, सह्यांपुरती. एका गावात मात्र मी ती देवळाच्या सभामंडपात खरोखर भरलेली पाहिली. तीसेक बायका. पाणीपट्टी भरूनही खालच्या आळीला पाणी येत नाही, हा विषय एका बाईने काढला. पहिल्यांदा बोलताना तिची जीभ अडखळली, दुसऱ्यांदा बोलली तेव्हा शेजारणीने मधेच आकडा सुचवला, तिसऱ्यांदा तिने सरळ वाक्य म्हटलं आणि ते लिहून घ्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पुढच्या ओळीत तिचे दीर बसले होते. ती खांबाच्या मागे. पाण्याचा विषय काही येईना. 'आता कोणाला काही?' असं सरपंचांनी विचारलं, माणसं उठायच्या बेतात. तिने पदर सावरला आणि तिथूनच ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊसाहेब, कालच्या महिला सभेचं इतिवृत्त वाचा ना. तिसरा विषय."

भाऊसाहेबांनी रजिस्टरची पानं उलटायला सुरुवात केली.