चावा ते मेंदू: हाताशी असलेला वेळ

कुत्रा चावला की आपण आधी जखम किती खोल आहे ते बघतो. रेबीजच्या बाबतीत हा अंदाज फसवा ठरतो. बोटाच्या टोकाला दात लागून रक्ताचा थेंब आला, तरी तो चावा गंभीरच. बोटांत मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि हा विषाणू मेंदूकडे जातो तो त्याच वाटेनं, रक्तातून नव्हे.

लाळेबरोबर जखमेत उतरलेला विषाणू मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो आणि दिवसाला काही सेंटिमीटर या गतीनं वर सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असेल तर त्याहून कमी. तोवर माणूस ठणठणीत असतो, कारण तंतूंच्या आत दडलेल्या विषाणूचा शरीराच्या संरक्षक पेशींना सहसा सुगावाच लागत नाही. मग कधीतरी जुन्या जखमेपाशी मुंग्या येतात, ताप चढतो. पुढे पाण्याचा घोट घ्यायला गेलं की घशाचे स्नायू असे आवळतात, की तहानेनं व्याकूळ माणूस पेला नुसता दिसला तरी दचकतो. या टप्प्यावरून परतलेले रुग्ण जगभरात अगदी मोजके आहेत.

पण विषाणूची ही संथ चालच आपल्या पथ्यावर पडते. चाव्यानंतर घेतलेली लसही त्याला गाठू शकते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचायला सुरुवात केली, तेव्हा कुत्रा चावून दोन दिवस उलटले होते. तो मुलगा जगला.

लशीच्याही आधी करायची गोष्ट म्हणजे वाहत्या पाण्याखाली, साबण लावून जखम १५ मिनिटं धुणं. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबणानं ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. घड्याळ बघून धुवा, घाईत दोन मिनिटंच पंधरा वाटतात. जखमेवर कसलाही लेप नको. मग थेट डॉक्टरांकडे. रक्त आलं असेल तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही जखमेत आणि भोवती द्यावं लागतं, कारण लशीमुळे स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. हे इंजेक्शन राहून जातं, म्हणून आठवणीनं विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनानं रेबीज टळत नाही.

‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवू, मग ठरवू’ असं म्हणून थांबणं जिवावर बेतू शकतं. नजर जरूर ठेवा, पण लस सुरू करून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजनं दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं दगावतात. त्यांत पंधरा वर्षांखालची मुलं जवळपास ४० टक्के. ओरडा बसेल म्हणून मुलं ओरखडा लपवतात, तेव्हा आधी जवळ घ्या, रागवायचं राहू द्या.

माणसांतल्या ९९ टक्के रेबीजचं मूळ कुत्र्यात आहे. कुत्री मारून तो आटोक्यात येत नाही. मोकळ्या झालेल्या जागी लस न घेतलेली नवी कुत्री येतात. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिली, तर त्यांच्यातली साखळी तुटते. रानटी प्राण्यांतही हे जमलं आहे: स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली कोंबडीच्या मुंडक्यात लस दडवून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली गेली, आणि त्याच वाटेनं जात पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी कोल्ह्यांमधला रेबीज संपवला.