अँजिओप्लास्टीनंतर मूत्रपिंडाची खबर रक्त कधी देतं?

अँजिओप्लास्टी झाली की पेशंट बेळगावहून दोन दिवसांत खानापूर, निपाणी, अथणीला घरी पोचतो. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम जोखणारा रक्तातला आकडा, 0.9, त्यामुळे घरचे निर्धास्त. पण रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डाईने मूत्रपिंडाला इजा झालीच, तर क्रिएटिनिन चढायला 24 ते 48 तास लागतात आणि ते सर्वांत वर जातं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोवर पेशंट गावी असतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ. गाळणी मंदावली की तो रक्तात हळूहळू साचतो, म्हणून उशीर. शिवाय अंगावर मांसच नसेल तर आकडा मुळात कमी येतो. निपाणीकडची, विड्या वळून आयुष्य काढलेली, काटकुळी 65 वर्षांची बाई घ्या. क्रिएटिनिन 0.9 धरून सूत्राने गाळण्याचा वेग मिनिटाला 71 मिली येतो. तिचंच सिस्टॅटिन सी, म्हणजे गाळणी जोखणारं रक्तातलं दुसरं माप, 1.4 निघालं, तर वेग 45! डाई या आकड्याच्या तिपटीच्या आत ठेवायची म्हटलं, तर एका हिशेबाने 213 मिली चालते, दुसऱ्याने जेमतेम 135. अशा पेशंटची सिस्टॅटिन सीची तपासणी प्रोसिजरच्या आधीच व्हायला हवी. सिस्टॅटिन सी हे छोटं प्रथिन शरीरातल्या बहुतेक पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंवर ते फारसं अवलंबून नसतं. थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइड चालू असेल तर मात्र तेही फसवतं.

एनगॅल हे प्रथिन आणखी लवकर कळवतं. इजा झालेल्या मूत्रनलिकेच्या पेशी ते स्वतःच सोडतात. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्ये ते दोन तासांतच वाढलेलं दिसल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. पण पांढऱ्या पेशींतही ते असतं, त्यामुळे छातीत जंतुसंसर्ग असला तरी आकडा फुगतो. एकट्या एनगॅलवर निदान ठरवू नये.

तालुक्याच्या लॅबमध्ये एवढं जमतंच: 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करा आणि प्रोसिजरच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. 48 तासांत 0.3 ची वाढ म्हणजे इजा, मग रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी. पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो, म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्या. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी या दिवसांत नकोच. लघवी मापाच्या भांड्यात मोजा: 50 किलोच्या माणसाला सहा तासांत 150 मिलीपेक्षा कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.