आयोडीनच्या एका डोसानंतर

नोव्हेंबर १९३६ मध्ये बोस्टनला झालेल्या एका व्याख्यानानंतर डॉ. सॉल हर्ट्झ यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारले, आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? आधी सशांवर प्रयोग झाले आणि १९४१ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झालेल्या पहिल्या रुग्णाला हे किरणोत्सारी आयोडीन दिले गेले. थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन स्वतःकडे ओढते, म्हणून किरणांचा मारा मुख्यतः तिच्यावरच होतो. युद्धानंतर अमेरिकेतील ओक रिजच्या अणुभट्टीतून आयोडीन-१३१ मिळू लागले आणि ऑपरेशनशिवाय थायरॉइड आटोक्यात आणणारा हा उपाय सर्वदूर पोचला. मुंबईत परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले.

मोजूनमापून डोस दिला की ग्रंथी बरोबर नॉर्मलवर येऊन थांबेल, ही सुरुवातीची उमेद. १९६४ मध्ये बोस्टनच्याच डन आणि चॅपमन यांनी दाखवले की वर्षे लोटतात तसे हायपोथायरॉइड (ग्रंथी मंदावलेले) होणारे रुग्ण वाढतच जातात. किरणांतून वाचलेल्या पेशीही पुढे पुरेशा विभागत नाहीत. ग्रंथी सावकाश संपते. यावर डॉक्टरांनी काढलेला तोडगा मला विलक्षण वाटतो: त्यांनी गुंतागुंतीलाच उद्दिष्ट मानले. ग्रेव्ह्ज आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला अतिसक्रिय करते) आज बहुधा ग्रंथी बंद पडेल इतकाच डोस देतात आणि नंतर जन्मभर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी. हिशेब सरळ आहे, पण रुग्ण तपासणीला येत राहिला तरच. गोळी सुटली, तर क्वचित प्रकरण मिक्सिडीमा कोमापर्यंत, म्हणजे हार्मोन फार कमी पडून येणाऱ्या जीवघेण्या बेशुद्धीपर्यंत, जाते. मग आयसीयू, शिरेतून थायरॉक्सिन आणि सोबत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड.

उलट टोकही आहे. डोसानंतरच्या काही दिवसांत ग्रंथीतले साठलेले हार्मोन रक्तात सांडते आणि विरळा थायरॉइड स्टॉर्म, म्हणजे हार्मोनच्या अतिरेकाचे जीवघेणे वादळ, उठते. म्हणून वयस्कर किंवा हृदयरोगी रुग्णांना आधी अँटीथायरॉइड गोळ्या आणि हृदयाची धडधड आवरणारे बीटा-ब्लॉकर देतात.

ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांनाही त्रास होतो; आयोडीनने तो वाढतो का, हा वाद बराच काळ चालला. १९९८ मध्ये इटलीतील पिसा येथील बार्तालेना यांच्या गटाने ४४३ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की आयोडीननंतर सुमारे १५ टक्के जणांचे डोळ्यांचे दुखणे नव्याने उद्भवते किंवा वाढते आणि प्रेडनिसोन या स्टेरॉइडने ते टाळता येते. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका जास्त.

एक बाब रिपोर्ट वाचताना हमखास निसटते: ग्रंथी बंद पडली की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन) वाढायला हवे, तरी ते काही आठवडे, कधी महिनेही, खालीच राहू शकते. त्या काळात फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) पाहावे लागते.