डीएमएसओचा ड्रम उघडण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

थंडी पडली की आमच्याकडे एक फोन हमखास येतो: “माल गोठलाय, खराब निघाला का?” नाही. डायमिथिल सल्फॉक्साइड, म्हणजेच डीएमएसओ, हे विद्रावक (इतर पदार्थ विरघळवणारं द्रव) 18.5 अंश सेल्सिअसलाच गोठतं. उलट घट्ट गोठलेला माल म्हणजे कोरडा माल. वजनाने शंभर भागांत एक भाग पाणी शिरलं, तरी गोठणबिंदू साधारण 2 अंशांनी उतरतो. त्यामुळे 15 अंशांच्या खोलीतही तुमचा ड्रम दिवसेंदिवस पातळच राहत असेल, तर काळजी तेव्हा करा आणि आधी झाकण तपासा. हे विद्रावक हवेतला दमट अंश सतत ओढून घेत असतं.

गोठलेला ड्रम उबदार खोलीत ठेवा, छोटा कॅन कोमट पाण्यात. ज्योत किंवा उघडी कॉइल जवळ आणू नका. आणि पूर्ण वितळेपर्यंत थांबा! अर्धवट वितळलेल्या ड्रममध्ये पाणी पातळ भागात गोळा झालेलं असतं. तेवढंच घाईने ओतून घेतलं, तर ओला माल पहिल्या बॅचला जातो.

एरवी हे रंगहीन, किंचित तेलकट द्रव. घनता 1.1, म्हणून 200 लिटरच्या ड्रममध्ये माल 220 किलो भरतो; ड्रम हलवणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा. पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं, मात्र मिसळताना उष्णता सुटते. साध्या तापमानाला वाफ फार कमी. उत्कलनबिंदू 189 अंश आहे खरा, पण साध्या दाबाखाली तिथवर तापवू नका. त्या तापमानाच्या आसपास ते विघटित होऊ लागतं, आणि आम्लाचा अंश असेल तर आणखी लवकर. वापरलेलं डीएमएसओ शुद्ध करून परत मिळवायचं तर निर्वात ऊर्ध्वपातनानेच, म्हणजे दाब कमी करून कमी तापमानाला उकळून आणि वाफ पुन्हा थंड करून. ॲसिड क्लोराइडशी (आम्लांपासून बनणारी, झटकन अभिक्रिया करणारी क्लोरीनयुक्त रसायनं) तर गाठच पडू देऊ नका. अभिक्रिया स्फोटक होऊ शकते. साठवणीला एचडीपीई (उच्च घनतेचं पॉलिथिलीन प्लास्टिक) चालतं, पीव्हीसी प्लास्टिक नको.

डीएमएसओची स्वतःची विषारकता कमी. पण ते त्वचेतून झटकन आत शिरतं आणि त्यात विरघळलेले पदार्थही सोबत नेऊ शकतं. हाताला लागल्यावर थोड्या वेळाने तोंडाला लसणीसारखी चव येते, ती यामुळेच. काम करताना ब्यूटाइल रबरचे हातमोजे घाला, आणि मुळात हात स्वच्छ असू द्या. हातावरची घाण आत जाणं हा खरा धोका.

आता सांडपाणी. आमच्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. “वास नाही, विषारी नाही, पाण्यात विरघळतं, मग सोडा गटारात” असं म्हणणारे भेटतात. डीएमएसओ मातीला फारसं चिकटत नाही, माशांच्या अंगात साठत नाही, पाण्यातून सहज उडूनही जात नाही. म्हणजे जिकडे पाणी तिकडे ते. समुद्रात ते निसर्गतःच असतं. हवेत गेलंच तर हायड्रॉक्सिल मूलकं (हवेतले अतिक्रियाशील कण) त्याला तोडतात, उरलेलं पावसाबरोबर खाली येतं.

अडचण होते ती प्राणवायू संपलेल्या गटारात नि गाळात. तिथले जिवाणू डीएमएसओमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे उरतं डायमिथिल सल्फाइड. हे 37 अंशांना उकळतं, पटकन पेट घेतं, आणि अब्जात काही भाग असलं तरी नाकाला कळतं: उकडलेल्या कोबीसारखा, सडका गोडसर दर्प. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या एका सांडपाणी केंद्रात असाच वास येई. शोध घेतल्यावर तो सांडपाण्यातून आलेल्या डीएमएसओपर्यंत पोहोचला. ज्याने ते सोडलं, त्याच्या आवारात वास आलाच असेल असं नाही. वास पुढे, दुसऱ्याच्या टाकीत तयार होतो.

भरपूर हवा दिलेल्या टाकीत जिवाणू त्याचं विघटन करतात, पण सावकाश. त्यामुळे एकदम मोठा लोट सोडू नका. वापरलेलं डीएमएसओ वेगळ्या, लेबल लावलेल्या ड्रममध्ये जमवा, त्यात आम्लाचा कचरा ओतू नका, आणि ते परवानाधारक विल्हेवाट केंद्राकडे द्या. सांडलंच, तर वाळूत किंवा शोषकात टिपून घ्या. पाणी मारून नालीत ढकलू नका.