पत्त्यातला पत्रा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ‘शिम द्या’ म्हटलं की दुकानदार उलट विचारतो, ‘पितळी की स्टील? किती थाऊ?’ खालच्या चुंबकाने पत्ता हलवायच्या जादूसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. पितळी गुंडाळी छान चकाकत होती, तीच घेतली. घरी येऊन किलवरचा गुलाम मधोमध फोडला, आत पितळ बसवलं, पान परत चिकटवलं, रात्रभर शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. सकाळी खालून चुंबक फिरवला तर गुलाम ढिम्म. पितळेला चुंबक ओढत नाही हे शाळेतच शिकलेलो, पण दुकानात ते आठवलं नाही.

शिम हा शब्द जादूगारांचा नाहीच, तो फिटरचा आहे. मोटारीचा पाया किंवा बेअरिंग बसवताना केसाएवढी फट राहिली की तिथे सरकवायची पातळ पट्टी म्हणजे शिम. तिची जाडी थाऊमध्ये मोजतात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. गिरणगावातल्या वर्कशॉपमध्ये हा रोजचा शब्द होता. पट्टी कुठल्या धातूची, याला तिथे जाडीइतका भाव नव्हता. जादूच्या सामानात आल्यावर मात्र पहिला प्रश्न धातूचाच झाला.

याची गोष्ट खरं तर चुंबकापासून सुरू होते. जसजसा चुंबक लहान आणि ताकदवान होत गेला, तसतसं समोरचं लोखंड पातळ होत गेलं. पॅरिसच्या रॉबेर-हूदँ या जादूगाराने १८४५ पासून स्वतःच्या रंगमंचावर प्रयोग केले. त्याची हलकी-जड होणारी पेटी प्रसिद्ध आहे. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं, तेव्हा तिथल्या धडधाकट माणसालाही ती उचलता आली नाही. पेटीच्या तळात लोखंड, रंगमंचाखाली विद्युतचुंबक, एवढंच तिचं रहस्य. असा चुंबक तेव्हा नवलाईचाच होता, स्टर्जनने पहिला केला तो १८२० च्या दशकात. पेटीतलं लोखंड किती जाड, याची फिकीर करायचं कारण नव्हतं, कारण पेटीच्या तळात जाड पत्राही सहज लपत होता.

पुढे १९३१ मध्ये जपानमध्ये मिशिमाने निकेल-ॲल्युमिनियमचं चुंबकी पोलाद काढलं, त्यातून अल्निको नावाचा चुंबक आला. पन्नाशीच्या दशकात काळे फेराइट चुंबक स्वस्त झाले. तरी पत्त्यांचं काम बहुतेक मेण आणि दोऱ्यावरच चालायचं. खरी उलथापालथ १९८३ मध्ये झाली. जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडायमियमचा चुंबक जाहीर केला. ताकद अल्निकोच्या सात-आठ पट. हार्ड डिस्कमध्ये तो गेला आणि मोडक्या डिस्कमधून आमच्यासारख्यांच्या हाती आला. आता चुंबक अंगठीत मावू लागला, म्हणून लोखंडाला पत्त्यात मावणं भाग पडलं.

पत्ता असतो साधारण ०.३ मिमी. कागदाचे दोन थर, मध्ये खळीचा काळसर लेप. कोपऱ्याशी नख घालून हळूहळू सोललं तर दोन थर सुटे होतात. आत ०.१ मिमीचा तुकडा घातला तरी पान एक तृतीयांशाने जाडावतं, आणि रोज कॅट पिसणाऱ्याच्या बोटाला ते लगेच कळतं. म्हणून आतल्या बाजूने कागदाचा एक पापुद्रा खरवडून काढायचा आणि मगच पत्रा बसवायचा. ‘चुंबक मोठा घेतला की झालं’ असं नवशिक्यांना वाटतं, पण एवढ्याशा पत्र्यात चुंबकीय रेषा मावतात ठरावीकच. फलाटावर गर्दी दुप्पट झाली म्हणून डब्यात दुप्पट माणसं शिरत नाहीत, तसंच.

शिम मिळत नसे तेव्हा घरात असेल ते वापरलं जायचं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापता येतो, पण तो ०.२ मिमीच्या आसपास. लाकडी डबीला ठीक, पत्त्याला जाड. दाढीचं पातं बरोबर ०.१ मिमी आणि चुंबकाला चिकटणारं, पण धार घासून घालवावी लागते आणि वाकवलं की काडकन तुटतं. शिवाय कडक पोलाद स्वतःच चुंबक बनून बसतं. फट मोजायच्या फिलर गेजच्या पातळ पट्टीचंही तेच. असा पत्रा घातलेले दोन पत्ते एकमेकांना चिकटले की प्रयोगाचा पचका. मऊ लोखंडाचा हा त्रास नाही, पण ते गंजतं. पाणी असलेल्या गोंदाने बसवलेली माझी बदामची राणी दोन पावसाळ्यांत गालावर तांबूस डाग घेऊन बसली. मुंबईच्या हवेत न गंजणारं स्टील हवं, हे तिने शिकवलं.

पण स्टीलमध्येही फसगत आहेच. तांबाकाट्यावर भांडी घेताना आई चुंबक लावून बघायची. चिकटला तर माल हलका. न चिकटणारं ते चांगलं ३०४ स्टील, निकेलवालं, आपल्या कामाचं नाही. त्याची लाटून कडक केलेली पट्टी किंचित ओढली जाते, त्यामुळे दुकानात भास होतो आणि घरी निराशा. आपल्याला हवं ते निकेल नसलेलं ४३०. ओढ मऊ लोखंडापेक्षा जराशी कमी, पण राणीचा गाल शाबूत. मी आता ०.१ मिमीचं ४३० सोडून दुसरं मागत नाही.

नाण्यांच्या बाबतीत तर टांकसाळीनेच जादूगारांचं काम केलं. १९७५ पासूनचा तांबं-निकेलचा रुपया चुंबकाला दाद देत नसे. त्यात पत्रा भरायचा तर लेथवर नाणं पोखरावं लागे. १९८८ पासून लहान नाणी आणि १९९२ पासून रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा झाला. मग प्रेक्षकाच्याच खिशातून मागून घेतलेलं नाणं चालू लागलं, आणि मागून घेतलेल्या नाण्यावर कोण संशय घेणार? हल्ली मात्र ‘कुणाकडे रुपया आहे का?’ विचारलं की समोरची पोरं मोबाइल काढतात. म्हणून रुपया मी घरूनच नेतो, आणि तो कसा आहे हे आधी सगळ्यांकडून तपासून घ्यावं लागतं.